घरी बाळंत व्हायचंय? आधी मनाचं ऐका, आणि गाडी दारात उभी ठेवा

दुसऱ्या वेळेला सातवा महिना लागला तेव्हा मी घरात सांगून टाकलं, मी दवाखान्यात जाणार नाही, माहेरी माझ्या खोलीतच बाळंत होणार. आई गप्प बसली. आत्याबाई म्हणाल्या, "त्याला काय होतंय, आम्ही तर रानात खुरपता खुरपता मोकळ्या झालो." नवरा म्हणला, "डोकं फिरलंय का तुझं?" तिघंही अर्धे बरोबर होते आणि मी पण अर्धीच बरोबर होते, पण हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले. ज्या बायांना आत्ता चौथा-पाचवा चालूये आणि मनात असाच काही विचार घोळतोय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, जिंतूर तालुक्यातल्या एका गावची लेक आहे, दोन लेकरांची आई आहे, आणि ह्या सगळ्यात जे शिकले ते पायरी-पायरीनं सांगते.

पायरी १: घर कामून पाहिजे, ते स्वतःला विचारा

हे सगळ्यात आधी. माझं पहिलं बाळंतपण २०१९ ला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात झालं. नॉर्मलच झालं, पण आईला बाहेर बसवलं, ओरडले तर तिथल्या सिस्टर खेकसल्या, एकीनं पोटावर अक्षरशः कोपरानं दाब दिला आणि टाके घालताना मी छताकडं बघत मनात गाव मोजत होते. त्यानंतर मला दवाखान्याचा वास आला तरी पोटात गोळा यायचा. म्हणजे मी घराकडं जात नव्हते, दवाखान्यापासून पळत होते. दोन्हीत लई फरक आहे बाई.

एक वही घ्या आणि लिहा की घरी मला काय मिळणारे. माझ्या यादीत होतं: आई जवळ, फिरायला मोकळीक, मला पाहिजे तशी बसू देणं, अंगावर कुणी ओरडणार नाही. आता गंमत बघा, ह्यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या दवाखान्यात मागता येतात. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरची एक बाई थांबू द्यावी अशी केंद्र सरकारची सूचना २०१६ पासूनच आहे, फक्त ती बाई स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असं त्यात म्हणलंय. हे मला पहिल्या वेळेला कुणी सांगितलंच नाही. तुमच्या यादीतलं सगळं जर दवाखाना बदलून मिळत असेल तर दवाखाना बदला, घराचा हट्ट सोडा. यादी लिहूनही मन घरीच जात असेल तर पुढं वाचा.

पायरी २: कागद काय म्हणतो ते बघा

मनाचा आवाज मोठा असला तरी काही गोष्टी त्याला कळतच नाहीत. रक्तात लोह किती, वार कुठं चिकटलीये, लेकरू आडवं आहे का, हे मनाला दिसत नाही. त्यामुळं घरी बाळंत व्हायचं असलं तरी नाव मात्र बाराव्या आठवड्याच्या आत आशाताईकडं नोंदवायचं, कार्ड काढायचं, सगळ्या तपासण्या करायच्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रावर डॉक्टर फुकट तपासतात, मी गेलते, गर्दी असते, डबा घेऊन जा.

खालीलपैकी एक जरी असेल तर घरचा विचार सोडूनच द्या, मन काहीही म्हणो: पहिलं बाळंतपण, आधीचं सिझर, जुळं, लेकरू आडवं किंवा पायाळू, वार खाली आलेली, बीपी १४०/९० किंवा वर, शुगर, फिट येण्याचा त्रास, मागच्या वेळेला जास्त रक्त गेलेलं किंवा वार अडकलेली, रक्तगट निगेटिव्ह, सदतीस आठवड्यांच्या आतल्या कळा, एक्केचाळीस आठवड्यांच्या पुढं गेलेले दिवस. आणि हिमोग्लोबिन. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. आपल्याकडं बायांचं ११ असणं हीच बातमी असते, माझं पाचव्यात ९.२ होतं. ज्या बाईच्या अंगात रक्तच कमी तिला थोडं गेलं तरी झेपत नाही, म्हणून लोहाच्या गोळ्या १८० दिवस रोज घ्यायच्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबू-आवळ्यासोबत घ्यायच्या. संडास काळी होते, घाबरू नका. नवव्यापर्यंत माझं ११.४ झालं.

"पहिलं बाळंतपण कामून नको" म्हणून पुष्कळ जणी विचारतात. इंग्लंडमधे २०११ साली ह्यावर मोठा अभ्यास झाला, सगळ्या कमी धोक्याच्या बाया, घरी शिकलेली सुईण, गाडी तयार. तरी घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात पंचेचाळीस जणींना दवाखान्यात हलवावं लागलं, आणि लेकराला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारात ५.३ होतं ते घरी ९.३ निघालं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेच्या बायांत हलवावं लागलं शंभरात बाराच जणींना आणि लेकरांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. आता त्यांचे रस्ते आणि आपले रस्ते, हे तुमचं तुम्ही ताडून बघा.

पायरी ३: भीती कोणती आणि मनाची हाक कोणती

हे मला कुणी शिकवलं नाही, वही लिहिता लिहिता उमगलं. गरोदरपणात डोक्यात दिवसभर काही ना काही चालूच असतं, शेजारची येऊन कुणाची तरी भयानक गोष्ट सांगून जाते आणि रात्रभर झोप नाही. हे सगळंच "माझं मन सांगतंय" म्हणून धरलं तर वेड लागंल. मी असं करायचे: विचार आला की लिहायचा, सकाळी पोटभर खाऊन परत वाचायचा. खाल्ल्यावर, झोपल्यावर जो विचार विरघळून जातो ती भीती, नाहीतर नुसती भूक. दुसऱ्याच्या गोष्टीतून आलेला विचार बहुतेक वेळा भीतीच असतो, त्यात "त्या अमकीला असं झालतं" असं असतंच. आणि खरी हाक लई साधी असते, तिला कारण नसतं, गोष्ट नसती, आणि ती परत परत त्याच जागेवर बोट ठेवते.

माझ्या वहीत तीन वेगळ्या दिवशी एकच वाक्य आलंय, "रस्त्याचं काय". घर, खोली, आई, सगळ्याबद्दल मन शांत होतं, फक्त रस्त्यापाशी अडकायचं. तेव्हा मी ते टाळलं नाही, आणि पायरी ५ त्यातूनच आली.

पण एक अपवाद लक्षात ठेवा, तो वहीपेक्षा मोठा आहे. शरीराची खूण दिसली, म्हणजे लेकरू कमी हलतंय, डोकं सणकतंय, डोळ्यापुढं अंधारी, अंगावरून रक्त, तर सकाळची वाट बघायची नाही, वही उघडायची नाही, निघायचं.

पायरी ४: हात कुणाचा

माझी पणजी सुईण होती, गावातली शंभरेक लेकरं तिच्या हातावर आली असं सांगतात. सुईणबाईचा हात, तिची माया, तिचं कंबर चोळणं, ह्याला तोड नाही, आणि ते आजही पाहिजे. पण रक्त थांबवायला तिच्याकडं काही नव्हतं आणि पणजीच्याच काळात किती बाया बाजेवरच गेल्या त्याची मोजणी कुणी ठेवली नाही. आत्याबाई रानात मोकळ्या झाल्या, खरंय. त्यांच्या दोन लेकरांबद्दल त्या बोलत नाहीत, हे पण खरंय.

त्यामुळं घरी शिकलेली बाई पाहिजेच, लेबर रूममधे काम केलेली सिस्टर, एएनएम (उपकेंद्रातली नर्सबाई) किंवा डॉक्टर. मला आमच्याच पाहुण्यातल्या रिटायर सिस्टर मिळाल्या. तुम्हाला कुणी मिळाली तर तिला सगळ्यात आधी हे विचारा: "तुम्ही आजपर्यंत किती जणींना मधेच दवाखान्यात पाठवलं?" जी म्हणते माझ्या हातून कधी काहीच बिघडलं नाही, तिच्यापासून दोन हात लांब. आमच्या सिस्टरनी बोटावर मोजत एकेक केस सांगितली, कुणाला कधी आणि कशामुळं हलवलं, एकीला उशीर झाला ते सांगताना त्यांचा आवाज बसला. माझं मन तिथंच ठरलं.

दुसरं, तिच्याकडं लेकराला श्वास द्यायची अंबू बॅग आणि छोटा मास्क आहे का आणि ती वापरता येते का. जन्मल्यावर साधारण दहातल्या एका लेकराला श्वास सुरू करायला काहीतरी मदत लागते, पुसून चोळून बरीचशी रडतात, काहींना बॅग लागते, आणि तेव्हा हातात एक मिनिट असतं.

तिसरं इंजेक्शन. इथं जरा थांबा, कारण आपल्याकडं ह्याचा लई गोंधळ आहे. ऑक्सिटोसिन म्हणजे तेच "कळांचं इंजेक्शन". लेकरू बाहेर आल्याबरोबर १० युनिट दंडात किंवा मांडीत दिलं तर गर्भपिशवी आकसते आणि रक्तस्त्राव कमी होतो, बाळंतपणात आया जाण्याचं मोठं कारण रक्तस्त्रावच आहे. पण तेच इंजेक्शन लेकरू पोटात असताना, लवकर मोकळी व्हावी म्हणून कुणी घरी टोचलं, तर कळा इतक्या जोरात येतात की पिशवी फाटू शकते, लेकराचा श्वास कोंडू शकतो. खेडोपाडी बॅग घेऊन फिरणारे काही जण हे सर्रास करतात. आधी सुई काढणारा माणूस दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि ते औषध २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. आपला एप्रिल-मे, त्यात लाईट सहा-सहा तास गुल, मग ती कुपी पाणी झाली की औषध राहिलं, कोण सांगणार? सिस्टरना विचारा कुठं ठेवता, कशात आणता. आमच्या सिस्टर बर्फाच्या थर्मासात आणायच्या, लसीकरणाची सवय.

पायरी ५: रस्ता

आमच्या गावापासून जिंतूर जवळ आहे, पण रक्त लागलं, सिझर लागलं तर परभणी, म्हणजे जिंतूरपासून अजून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. नकाशावर तासाचं काम. आता काळं रान आणि ऑगस्ट महिना डोळ्यापुढं आणा, वस्तीवरून डांबरीपर्यंतचा चिखल, मधे ओढा, पाणी आलं की दोन तास कुणी हलत नाही. आणि हिवाळ्यात म्हणाल तर ऊसाच्या ट्रॉल्या, एक उलटली की रात्रभर रस्ता जाम.

तर तालीम करा. खरंच सांगते, रात्री अकराला गाडीत बसा आणि उंबऱ्यापासून लेबर रूमच्या दारापर्यंत घड्याळ लावून जा. आम्ही गेलो तर पहिल्या वेळेला वॉचमननं गेट उघडायलाच बारा मिनिटं घेतली. माझा स्वतःचा नियम असा होता की सिझर होणाऱ्या दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तरच घर. म्हणून मी वस्तीवरचं घर सोडलं आणि परभणीत मावशीच्या घरी जायचं ठरवलं. माझी खोली गेली, पण वहीतलं "रस्त्याचं काय" पण गेलं. आई म्हणाली, "माय, खोलीत काय ठेवलंय, मी येतेच की सोबत."

ह्याशिवाय:
- १०८ आणि १०२ दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, पण भरवसा स्वतःच्या गाडीवर. ड्रायव्हर तीन सांगून ठेवा, एक लग्नाला गेलेला असतो, एक पिलेला असतो.
- रेंज नेमकी कुठं येते ते शोधून ठेवा, गच्चीवर येत असेल तर गच्चीवर पळणारं पोरगं पण ठरवून ठेवा.
- तुमच्या रक्तगटाचे दोन माणसं, आणि रक्तपेढी कुठल्या दवाखान्यात आहे ते आधीच विचारून.
- दवाखान्याची पिशवी भरलेली, आधार, बँक पासबुक, कार्ड, सगळे रिपोर्ट. घरी व्हायचं म्हणून पिशवी न भरणं हा हट्ट झाला.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जायची-यायची गाडी सगळं फुकट आहे, म्हणजे पैशापायी "थोडं थांबून बघू" म्हणायची गरज नाही. हे घरातल्या पुरुषांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी तेच अडतात.

पायरी ६: "गाडी" हा शब्द

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. आम्ही ठरवलं, मी, आई आणि सिस्टर, तिघींपैकी कुणीही "गाडी" म्हणलं की निघायचं. बाकीच्या दोघींनी का विचारायचं नाही. नवऱ्यानं तर अजिबात नाही. कारण कळांच्या वेळी बाईला समजावून सांगता येत नाही, तिला फक्त कळतं की काहीतरी चुकतंय, आणि त्यावेळी चार जण "अगं होतंय असं" म्हणले की ती स्वतःवरच शंका घेते. मनाची हाक ऐकायची म्हणतो आपण, पण ऐकल्यावर पाय उचलायची सोय आधी केलेली असली तरच तिचा उपयोग.

आणि काही गोष्टींना हाकेची पण वाट बघायची नाही, त्या दिसल्या की गाडी: पाणी गेलं आणि ते हिरवं-काळपट आहे, लेकराआधीच ताजं रक्त, नाळ, हात किंवा पाय आधी दिसला, ताप, फिट, बारा तास कळा देऊनही सुटका नाही, जोर लावून तास झाला आणि डोकं पुढं सरकत नाही, लेकरू झाल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही, रक्त कपड्यातून गळायला लागलं. ही यादी कपाटाला चिकटवा, सिस्टरना पण दाखवा.

माझ्यासाठी हा शब्द कळा सुरू व्हायच्या आधीच निघाला. अडतिसावा आठवडा, ऑगस्ट २०२२, मावशीच्या घरी रात्री जेवले आणि जोडवी काढता येईनात. डोकं जड. मावशी म्हणाली पित्त आहे, आई म्हणाली उकाडा आहे. कळा नाहीत, रक्त नाही, लेकरू हलतंय. पण आत कुठंतरी सारखं वाटत होतं की हे ठीक नाही, त्याला कारण नव्हतं, गोष्ट नव्हती. मी म्हणलं, "गाडी." आई चप्पल घालायला उठली पण, विचारलं नाही. दवाखान्यात बीपी १५०/१०० निघालं आणि लघवीत प्रोटीन. दुसऱ्या दिवशी औषधानं कळा सुरू करून नॉर्मल झालं, मुलगी, अडीच किलोला थोडी कमी. आई पूर्ण वेळ डोक्याशी बसून होती. लोक विचारतात वाईट नाही का वाटलं, घरी नाही झालं म्हणून. थोडं वाटलं. पण मला घरी जा म्हणणारा आणि दवाखान्यात चल म्हणणारा आवाज एकच होता, मी त्याचं दोन्ही वेळेला ऐकलं.

पायरी ७: खोली, आणि लेकरू आल्यावर

खोलीचं जास्त सांगत नाही, स्वच्छ सहा गोष्टी लक्षात ठेवा: हात, जागा, नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा किंवा क्लॅम्प, आईचं अंग आणि कापलेली नाळ. नाळेवर राख, शेण, हळद, तेल काहीच लावायचं नाही, धनुर्वात तिथूनच शिरतो. नाळ कापायची घाई नको, एक ते तीन मिनिटं थांबायचं, लेकरू रडत असेल तर. लेकरू पुसून आईच्या छातीवर उघड्या अंगाला टाकायचं, वरून गोधडी. तासाच्या आत अंगावर पाजायचं, चीक फेकायचा नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, घुटी नाही. आंघोळ पहिले चोवीस तास नको, आत्याबाईंना आधीच सांगा कारण पाणी त्या तापवूनच बसलेल्या असतात. शेगडीचा शेक घ्यायचा तर खिडकी उघडी ठेवून, बंद खोलीत कोळसा पेटवून आई-लेकरू झोपवायचं म्हणजे विषारी धुराला निमंत्रण.

सिस्टरना बाळंतपण झाल्यावर लगेच सोडू नका. पहिले दोन तास तर त्यांनी पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे का बघत बसायचंच. चोवीस तासाच्या आत लेकराला केंद्रावर न्या, बीसीजी, पोलिओ, कावीळ आणि व्हिटॅमिन के. घरी झालेल्या लेकराकडं आशाताई पहिल्या दिवशीच येते, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दार लावून घेऊ नका, वजन करू द्या.

माझी जाऊ माझीच वही घेऊन गेली. तिचं तिसरं होतं, दोन्ही आधीचे नॉर्मल, हिमोग्लोबिन १२, घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. जानेवारीत पहाटे, त्याच सिस्टर, चार तासात मोकळी झाली, गाडी रात्रभर दारात तोंड रस्त्याकडं करून उभी होती आणि ड्रायव्हर आत चहा पीत होता. तिला "गाडी" म्हणायची वेळच आली नाही.

शेवटचं काम विसरू नका, जन्माची नोंद. दवाखान्यात झालं तर तेच कळवतात, घरी झालं तर घरातल्या कर्त्या माणसानं २१ दिवसांच्या आत कळवायचं, गावात असाल तर ग्रामपंचायतीत, शहरात असाल तर पालिकेत. आमचे दीर गेले तर तिथल्या क्लार्कनं फॉर्मवर "जन्माचे ठिकाण" पाशी पेन थांबवलं आणि विचारलं, "घर म्हणजे कुठलं हॉस्पिटल?" दीर म्हणले, "घर म्हणजे घरच, साहेब." मग त्यांनी पूर्ण पत्ता मागितला, वीजबिलाची झेरॉक्स लागली, ती घेऊनच जा.